एकावन्न शनिवार

शनिवार, ७ जून

पंचेचाळिसावा. सकाळपासून पोटात फक्त पाणी, आणि साडेदहाला कोरा चहा. आई उपासाला चहा घ्यायची की नाही, आठवत नाही. एका घरात राहून एवढंही लक्ष नव्हतं माझं! नसेल घेत तर शनिदेवांनी मला माफ करावं. चहाशिवाय माझं डोकं चालत नाही.

आज दवाखान्यात अकरा जणांचे कान तपासले. अकरावे आजोबा गेल्यावर हेडफोन पुसायला आतल्या खोलीत गेले. जाड दार, भिंतींना स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग संपलं. मी रोज वीसदा आत-बाहेर करते, मला त्या शांततेचं काही वाटत नाही.

आज वाटलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला. टक्. आई पाणी पिऊन भांडं ओट्यावर ठेवायची ना, तसाच. आणि त्यामागून तिचं ते घसा खाकरणं.

त्या खोलीत बाहेर ढोल वाजला तरी आत ऐकू येत नाही. त्यासाठीच बांधलीय ती.

उपाशी माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं मी पेशंटना सांगते. स्वतःलाही सांगितलं. संध्याकाळी देवळात तेल वाहून आले, दिवे लागल्यावर बिनमिठाचा भात खाल्ला. सात वाजता दादाचा फोन. उचलला नाही.

सोमवार, ९ जून

आज काही ऐकू आलं नाही. पोटभर जेवले होते.

मंगळवार, १० जून

हे मी कशासाठी करतेय ते एकदा लिहूनच काढते. लिहिलं की निदान मला तरी कळेल.

आईनं गेल्या जुलैत शनिवार धरले. एकावन्न. कुणासाठी ते सांगितलं नाही. "ज्याच्यासाठी धरलाय त्याला कळलं की फळ जातं," एवढंच. मी हसले होते. म्हटलं, तुझा देव भारीच लाजाळू! तर म्हणाली, "हस तू. हसतेस तोवर बरंच आहे."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेका शनिवारी पेन्सिलनं गोल करायची. ती गेली तोही शनिवारच. एप्रिलची पाच तारीख. सकाळी साखर उतरवायची गोळी घेतली सवयीनं, आणि वर खाल्लं काहीच नाही. मी संध्याकाळी घरी आले तर दादा दारात बसलेला आणि आत माणसं.

नंतर मावशी म्हणाली, अर्धवट सोडलं तर ज्याच्यासाठी धरलं त्यालाच बाधतं. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. आणि एकोणीस एप्रिलला सकाळी पोळीचा तुकडा तोंडाशी नेला, तो तसाच खाली ठेवला. तेव्हापासून चालू आहे.

दादासाठी नाही करत मी. आईचे गोल पुरे व्हावेत म्हणून करतेय.

शनिवार, १४ जून

सेहेचाळिसावा. आज एक रिटायर्ड शिंपी आले होते. गोड माणूस. बायकोचं ऐकू येत नाही म्हणून बायकोनंच धरून आणलेले. "हिचं ऐकू आलं नाही तर बिघडलं कुठं?" असं म्हणून स्वतःच खो खो हसले.

आत बसवलं. लाल उजव्या कानाला, निळा डाव्याला. आवाज आला की बोट वर करा, कितीही बारीक असला तरी. उजवा कान झाला. डाव्याला सुरुवात करण्याआधी मी कागदावर त्यांचं वय लिहीत होते. वर बघितलं तर त्यांचं बोट वर!

मी आवाज दिलाच नव्हता.

बोट खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा वर. मी माइकमधून म्हटलं, "काका, अजून सुरू नाही केलं." तर ते काचेतून माझ्याकडे बघून म्हणाले, "असं? कुणी बाई बोलल्यासारखं वाटलं. जेवलीस का, असं काहीतरी."

पेशंट असे अंदाजानं बोट वर करतातच. परीक्षेत मुलं ठोकून देतात तशी. रोज दोन-तीन तरी असतात. मला माहीत आहे हे. तरी ते गेल्यावर मी आत हेडफोन पुसायला गेले नाही. मदतनीस बाईंना पाठवलं.

सातला दादा. फोन वाजून वाजून थांबला.

गुरुवार, १९ जून

दादाशी बोलत नाही ते का, तेही लिहायला हवं. टाळतेय कधीची.

आई गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. दादा आईची औषधं पिशवीत भरत होता, कुठल्यातरी दवाखान्यात देऊन टाकायला. त्याला तसंच शांतपणे पाकिटं मोजताना पाहिलं आणि माझा ताबाच सुटला. दुकान बसलं कुणाचं? दादाचं. बायको माहेरी निघून गेली कुणाची? दादाची. गेल्या जुलैतच सगळं. आणि आईचे शनिवार सुरू कधी झाले? जुलैत! म्हटलं, "तुझ्यासाठी उपाशी राहिली ती. तुझ्या शनीनं खाल्लं आईला."

अगदी याच शब्दांत.

त्यानं पिशवीची गाठ मारली. "येतो," म्हणाला आणि गेला. मला वाटलं होतं भांडेल, ओरडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी उगाच आरोप केला असंही नाही. त्याच रात्री मोबाइलवर पत्रिका बघायचं एक ॲप उतरवलं होतं, कधी नव्हे ते. दादाची जन्मतारीख घातली. साडेसाती: चालू. माझी घातली, शाळेच्या दाखल्यावरची. साडेसाती: नाही. झालं की मग! बाबा गेल्यापासून घरची माणसं तीन. आई स्वतःसाठी उपास करणारी नव्हे.

पण एक गोष्ट तेव्हापासून टोचतेय. ज्याच्यासाठी धरलाय त्याला कळलं की फळ जातं. मीच त्याला सांगून टाकलं, तेही असं तोंडावर फेकून. म्हणजे आईचे सगळे शनिवार मी एका वाक्यात पाण्यात घातले की काय?

शनिवार, २१ जून

सत्तेचाळिसावा. आज लिहायचंच.

आई गेली त्या दिवशी तिनं मला तीन फोन केले. अकरा चाळीस, अकरा बावन्न, बारा सहा. फोन दवाखान्यात ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे, सगळ्यांना तेच सांगितलं. "मी आतल्या खोलीत होते, कळलंच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई तर माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझा काय दोष?"

पहिला फोन मी बघितला होता. ड्रॉवर उघडा होता, पडद्यावर 'आई' आलं होतं. शनिवारी तिचे फोन यायचेच. उपासाचा दिवस जाता जात नाही म्हणून करायची. काय करतेस, काही नाही, सहजच. मी फोन पालथा घातला आणि ड्रॉवर लावला.

बस्स. एवढंच आहे. हे दादाला माहीत नाही, मावशीला नाही, कुणालाच नाही. म्हणून दादाला बोलले का मी तसं? असेल. त्याच्या डोक्यावर ठेवलं की माझं डोकं हलकं.

नाही झालं हलकं.

मंगळवार, २४ जून

आता खाऊनपिऊनसुद्धा ऐकू येतं. वार बघत नाही.

शनिवार, २८ जून

अठ्ठेचाळिसावा. सगळे गेल्यावर दवाखान्यात थांबले. लॅपटॉप मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसले, दार लावून घेतलं. स्वतःच बटण दाबायचं आणि स्वतःच ऐकायचं. यात फसवाफसवी होते, आवाज कधी येणार ते आपल्याला माहीत असतं. तरी केलं.

उजवा कान उत्तम. डाव्याचा आलेख उजवीकडे जाता जाता घसरलाय. बारीक, तीक्ष्ण आवाज तिथे पोचतच नाहीत.

गेल्या वर्षीसारखंच. तेव्हा एका सकाळी उठले तर डावा कान कापूस घातल्यासारखा. इथे कळलं असतं तर ज्या मुलीला स्वतःला ऐकू येत नाही तिला कान तपासायला कोण ठेवणार! लांबच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांच्या गोळ्या घेतल्या. फक्त आईला सांगितलं होतं. महिनाभरानं कान बराचसा परत आला. मी विसरूनही गेले.

आज तिथे बसून राहिले थोडा वेळ. कानात एक बारीक शिट्टी, सतत. तिच्या आतून, पाण्याखालून यावा तसा आवाज — भांडं, घसा, पावलं. बहिऱ्या होत चाललेल्या कानाला मेंदू स्वतःचे आवाज पुरवतो. हे मी पाठ म्हणून दाखवू शकते, वाक्य न चुकता. पण मग तो आईचेच का पुरवतो? आयुष्यभर दुसरं काही ऐकलंच नाही का मी?

आणि एक वेडेपणा. शिट्टी थांबावी असं वाटत नाही. कान पूर्ण गेला तर तीही जाईल.

बुधवार, २ जुलै

समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. "तुझा भाऊ दिसला गं बाजारात. केवढा वाळलाय! पँट नुसती पट्ट्यावर उभी आहे."

साखर आहे त्याला. आईकडून घर नाही, दागिने नाहीत, तेवढीच मिळालीय. वाळणारच. काकूंना तेच सांगितलं.

पण वर येऊन दाराचं कुलूप काढताना हात थांबला. त्याला जेवायला कोण घालतंय सध्या?

शनिवार, ५ जुलै

एकोणपन्नासावा. आज घरीच होते, रजा घेतली. चूक केली. दवाखान्यात निदान माणसं असतात.

दुपारी दोनच्या सुमाराला ओट्याशी उभी होते, पाणी पीत. भांडं खाली ठेवलं नव्हतं अजून, हातातच होतं. आणि आवाज आला. टक्.

मग डाव्या कानाशी, अगदी जवळून, "झालं का गं?"

वळून बघितलं नाही. मी भित्री नाही, पण वळले नाही. "नाही," म्हटलं. "दोन राहिलेत."

मग खालीच बसले, ओट्याला टेकून. खूप रडले. म्हटलं, आई, मी फोन बघितला होता. मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या घरात. ऐकणारं कुणी असेल तर ऐकलं असेल. पुढे काही आवाज आला नाही, संध्याकाळपर्यंत. शिट्टीसुद्धा नाही.

सातला दादाचा फोन. या वेळी हातात घेतला. हिरव्या बटणावर बोट ठेवलं. काय बोलणार होते? तू जेवलास का? धीर झाला नाही.

शुक्रवार, ११ जुलै

अक्षर बघा, माझं मला ओळखू येत नाही! आणि उपास तर उद्या आहे.

एकोणीस तारखेला एकावन्न होतील, म्हणून उद्यापनाचं विचारायला गुरुजींकडे गेले. त्यांनी वही काढली. "कुणाच्या नावानं संकल्प? रास, नक्षत्र सांगा." मला दादाचं नक्षत्र माहीत नव्हतं. बाहेर येऊन मावशीला फोन लावला.

दादाचं नक्षत्र विचारलं. मी म्हटलं, "हॅलो? मावशी? अगं दादाचं नक्षत्र विचारतेय."

"दादाचं कशाला?"

"उपास त्याच्यासाठी होता ना, मग त्याच्याच नावानं—"

तिनं मध्येच तोडलं. मग म्हणाली, "पोरी, तिनं मला शपथ घातली होती. पण चुकीच्या नावानं उद्यापन होऊ देऊ का मी? गेल्या जुलैत तुझी आई पत्रिका दाखवायला गेली तेव्हा मी बरोबर होते. तुझी पत्रिका होती ती. दादाची नव्हतीच. तुझा कान गेला होता ना गं तेव्हा. रडत होती रस्त्याने."

मी म्हटलं, शक्य नाही. मी बघितलंय, मला साडेसाती नाही.

"कुठल्या तारखेवरून बघितलंस?"

"माझ्या! दाखल्यावरच्या!"

मावशी हसली की रडली, कळलं नाही. "अगं, ती तारीख तुझ्या बाबांची करामत. तुला वर्ष वाया न घालवता शाळेत घालायचं होतं, म्हणून दहा महिने मोठी करून सांगितली. आणि तू एवढी बोलघेवडी, की शाळेत बोलून जाशील म्हणून घरातही तीच पाळली. मग तीच खरी झाली. तुझ्या आईच्या तेवढी जिवाला लागून राहायची. दरवर्षी खऱ्या दिवशी तुझ्या ताटात काहीतरी गोड वाढायची ना? तू विचारायचीस आज काय विशेष, आणि ती म्हणायची, दूध उरलं होतं."

वाढायची. दरवर्षी वाढायची. मी चौतीस वर्षांची आहे, म्हणजे तेहतिसाची, आणि मला माझी जन्मतारीख आज रस्त्यात उभी असताना फोनवर कळली.

नवीन तारीख ॲपमध्ये घातली. साडेसाती: चालू. मधला टप्पा.

दादाचीही चालू आहे, ते खोटं नव्हतं. दोन्ही लेकरं शनीच्या तावडीत, आणि तिनं एकाला निवडलं. मला.

माझ्यासाठी उपाशी राहिली. माझ्यासाठी गोळी घेऊन वर काही खाल्लं नाही. अकरा चाळीसला, अकरा बावन्नला, बारा सहाला मला फोन केले, आणि मी पालथा घातला.

आणि दादाला काय बोलले मी!

मावशीनं ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. "त्याला ठाऊक होतं गं. पहिल्यापासून. तुझी आई शनिवारी एकटी असायची, म्हणून कुणाला तरी सांगून ठेवायला हवंच होतं."

ठाऊक होतं. आणि तो "येतो" म्हणून निघून गेला.

शनिवार, १२ जुलै

दवाखान्यात न जाता दादाकडे गेले. बारा वाजले होते. दार उघडलं त्यानं. काकू बरोबर बोलत होत्या, ओळखू येत नाही इतका वाळलाय. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "मला कळलं."

तो दाराला धरून उभा. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. मी आईला असं कधी बघितलं नाही, बघायला नव्हतेच मी. पण काय आहे ते ओळखलं. "दादा, जेवलास का?"

"संध्याकाळी," म्हणाला. "आज शेवटचा, चिऊ. एकावन्नावा. गोळी सकाळी घेतली, होईल नीट. आईनं सांगून ठेवलं होतं, मी गेले तर उरलेले तू कर, तिला कळू देऊ नकोस."

मी पन्नासावर होते. आई गेली तो दिवस मी धरला नव्हता, तिचा पुरा झाला नाही म्हणून. त्यानं धरला होता.

"त्या दिवशी मलाही फोन केला होता तिनं," तो म्हणाला. "साखर खा म्हणून ओरडलो मी. म्हणाली, दिवे लागू देत, पोरीचा कान आहे." मग भिंतीला टेकून खालीच बसला.

स्वयंपाकघर मला दाखवावं लागलं नाही. साखर चार चमचे, पाणी. आधी त्याच्या तोंडाला लावलं. तो मान हलवत होता, "सहा-सात तास राहिलेत गं, फुकट जाईल." त्याची मान धरली आणि पाजलं, सगळं. मग दुसरा ग्लास केला आणि त्याच्यासमोर उभी राहून मी प्यायले.

म्हटलं, साडेसाती माझी आहे, माझी मी बघेन. सोमवारी डॉक्टरीणबाईंना कानाचं सांगणार आहे. आता भात टाकते, मीठ घालून.